संप फुटतो, काम फुटत नाही

आकुर्डीत ‘संप’ हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही. पाळी सुटली की चहाच्या टपरीवर तो महागाईइतक्याच सहजपणे निघतो. मात्र या शब्दाचा काम थांबण्याशी मुळात काही संबंध नव्हता, असे तिथे कुणाला सांगितले तर तो हातातला कप खाली ठेवील.

जुन्या मराठीत संप म्हणजे एकी, एकोपा. गुजरातीने तो अर्थ अजून जपला आहे. ‘संप त्यां जंप’, म्हणजे एकी असेल तिथे स्वास्थ्य, ही म्हण घराघरांत आहे. काम थांबवण्याला मात्र गुजराती माणूस ‘हडताळ’ म्हणतो. इंग्रजांचा ‘स्ट्राइक’ हा शब्द १७६८ साली लंडनच्या खलाशांनी जहाजांची शिडे उतरवली तिथून आला, तर फ्रेंचांचा ‘ग्रेव्ह’ पॅरिसच्या ज्या चौकात मजूर कामाच्या शोधात उभे राहत त्या चौकाच्या नावावरून. एकाने कृती पाहिली, दुसऱ्याने जागा. मराठीने माणसे एकत्र आलेली पाहिली.

‘दीनबंधू’च्या काळात या अर्थाची धग शब्दात होती. कृष्णराव भालेकरांनी १८७७ साली पुण्यात काढलेले हे पत्र १८८० मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत चालवायला घेतले. १८९० च्या सुमारास त्यांच्याच पुढाकाराने मुंबईच्या नाभिकांनी विधवांच्या केशवपनाला नकार दिला. तो आजही ‘न्हाव्यांचा संप’ म्हणूनच ओळखला जातो. त्यात पगारवाढ नव्हती, मालक नव्हता, कारखाना तर नव्हताच. होते ते एका जातीचे ठरलेले एकमत. आपण आज ‘एसटी संप’, ‘बँक संप’ असे लिहितो आणि संस्थेचे नाव पुढे करतो. जुना ‘-चा’ प्रत्यय माणसांना चिकटलेला असे. बदल एका अक्षराचा, पण माझ्या मते त्यात बरेच काही गळाले.

अलिबागजवळच्या चरीत तर ही गोष्ट अधिक उघड दिसते. खोतांच्या जाचाविरुद्ध नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली कुळांनी १९३३ साली जमिनी कसणेच सोडले, ते १९३९ पर्यंत. सहा वर्षे रान पडीक! शेतकऱ्याला ना पाळी ना हजेरीपट, तरी शब्द संपच. याच लढ्याच्या धगीत १९३७ मध्ये ‘कृषीवल’ निघाला. म्हणजे इथे संपाची बातमी छापायला संपानेच वर्तमानपत्र उभे केले. २०१७ च्या जूनमध्ये पुणतांब्याहून शेतकरी संपाची हाक आली तेव्हा ‘शेतकरी कसा संप करणार?’ म्हणून अनेकांनी भुवया उंचावल्या. चरी त्यांना आठवली नसावी.

पुढे शब्दाचा अर्थ पालटला, पण क्रियापदांनी जुना अर्थ धरून ठेवला. संप ‘फुटतो’, ‘मोडतो’, संपात ‘फूट पडते’. काम कधी फुटत नाही, एकीच फुटते. १९८२ च्या १८ जानेवारीला सुरू झालेल्या गिरणी कामगारांच्या संपाची तर गंमत अशी, की तो रीतसर मागे घेतलाच गेला नाही. ‘संप संपला’ हा सोपा श्लेषही मथळेकाराला मिळाला नाही.

चाकणला बजाजच्या कारखान्यात २५ जून २०१३ ला काम थांबले. संघटनेची एक मागणी होती कंपनीचे समभाग एक रुपयाला मिळावेत अशी. पन्नास दिवसांनी, १३ ऑगस्टला, हा संप मात्र ‘मागे’ घेण्यात आला.

त्याआधी २००७ साली बजाजचेच आकुर्डीतले वाहनांचे उत्पादन थांबले, ते कुणी संप न करता. तेव्हाचा शब्द होता ‘स्वेच्छानिवृत्ती’. तो अर्ज ज्याचा त्याने भरायचा असतो, सही एकाचीच.