चार म्हणजे चारच?

गेल्या हंगामातली गोष्ट. अवकाळी पावसाने कांदा झोपला होता आणि नुकसानीचा अर्ज ऑनलाइन भरायचा होता. मुदत संपायला तीन दिवस उरलेले. आमच्या शेजारचे अण्णा मोबाइल घेऊन आले. म्हणाले, "कवी, तुम्ही शिकलेले. एवढं बघा. गट नंबर बरोबर टाकतोय, तरी 'योग्य क्रमांक भरा' म्हणतंय."

मी बी. ए. झालेला माणूस. वृत्तातली मात्रा चुकली तर मला कळते, मोबाइलमधली कळत नाही. मीही भरून पाहिला. तोच संदेश. संध्याकाळी अण्णांच्या नातीने त्याच मोबाइलवर अर्ज भरला आणि तो पहिल्या झटक्यात गेला! दुसऱ्या दिवशी अण्णा भावाच्या वावराचा अर्ज भरायला बसले, तर पुन्हा अडला. चावडीवर निदान ठरले, "सर्व्हर डाउन." संबंधित कार्यालयात फोन लावला, तर उत्तर आले, "आमच्याकडे व्यवस्थित चालतंय."

गंमत अशी, की कार्यालय खोटे बोलत नव्हते. पुण्यात संगणकाचे काम करणारा माझा भाचा रविवारी जुन्नरला आला, तेव्हा त्याने हे उलगडून सांगितले. वेबसाइटचे काम दोन ठिकाणी चालते. काही दूरच्या सर्व्हरवर, तर काही आपल्या हातातल्या मोबाइलमध्ये, ब्राउझरच्या आत. अर्ज पाठवण्याआधी रकाने तपासायचे काम मोबाइलमध्येच होते. तिथे अर्ज अडला, तर तो घरातून बाहेरच पडत नाही. मग कार्यालयाला त्याची खबर कशी लागणार?

अशी चूक कधी दिसते, कधी लपते. भीमाशंकरच्या बाजूला डोंगराआड रेंज तुटली, तर पान अर्धेच उतरते. ब्राउझर कधी जुनी साठवलेली फाइलच वापरत बसतो. म्हणून भाचा म्हणाला, "मामू, अंदाज बांधायचा नाही. वही काढा." कोणी भरला, कोणत्या मोबाइलवर, किती वाजता, काय टाइप केले, सगळे लिहायला लावले. मग एका वेळी एकच गोष्ट बदलायची. मोबाइल तोच, माणूस वेगळा. माणूस तोच, ब्राउझर वेगळा. वैद्याने पथ्य एकेक करून सोडवावे, तसे.

तासाभरात चोर सापडला. अण्णा नाव मराठीत लिहून त्याच कीबोर्डवर गट नंबरही मराठी आकड्यांत टाकत. मीही तसेच केले होते. नात मात्र सवयीने आकड्यांपुरता कीबोर्ड इंग्रजी करायची. कार्यालयातल्या संगणकावरही इंग्रजीच आकडे.

आपल्याला चार म्हणजे चार. संगणकाला तसे नाही. युनिकोड नावाच्या जागतिक यादीत प्रत्येक चिन्हाला क्रमांक असतो. इंग्रजी चारचा क्रमांक ५२, मराठी चारचा २४१०. ब्राउझरमध्ये चालणारी जावास्क्रिप्ट ही भाषा १९९५ मध्ये तयार झाली. मजकुरातून संख्या ओळखताना ती इंग्रजी आकडेच मानते. मराठी आकडा दिला, तर तिचे उत्तर असते, "ही संख्याच नव्हे." उपाय दोन-चार ओळींचा. मराठी आकडे आले, की आधी इंग्रजीत बदलून घ्यायचे. पण ते लिहिणाऱ्याच्या ध्यानात यायला हवे ना!

मला आपला नाणेघाट आठवला. तिथल्या लेण्यात सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा सातवाहन राणीचा ब्राह्मी लेख आहे. यज्ञात दिलेल्या गाई, घोडे, नाणी यांचे आकडे त्यात कोरलेले आहेत. भारतातल्या जुन्यात जुन्या संख्याचिन्हांत त्यांची गणना होते. त्या ब्राह्मी आकड्यांच्या कुळातूनच आपले मराठी आकडे आले आणि अरबांच्या हातून युरोपात गेलेले इंग्रजी आकडेही. नवव्या शतकात बगदादच्या अल-ख्वारिझ्मीने या हिंदी आकड्यांवर ग्रंथ लिहिला. त्याच्याच नावावरून संगणकवाल्यांचा 'अल्गोरिदम' हा शब्द आला. म्हणजे हे दोन्ही चार चुलतभाऊच. एकाला दारात घेतले, दुसऱ्याला ओळखच दाखवली नाही.

अण्णांचे अर्ज मुदतीत गेले. पण तोवर त्यांना वाटत होते, चूक आपलीच, आपल्यालाच जमत नाही. असे वाटून मोबाइल खिशात घालणारे आणखी किती असतील? त्यांची मोजदाद कुठेच नाही, कारण त्यांची चूक कार्यालयापर्यंत पोचलीच नाही. जाणते प्रोग्रामर म्हणूनच अशी सोय करतात, की मोबाइलमध्ये अडले तर त्याची चिठ्ठी आपोआप सर्व्हरकडे जावी.

आपणही एवढे करावे. अर्ज अडला, तर "चालत नाही" एवढेच सांगू नये. काय टाइप केले, पडद्यावर नेमके काय आले, किती वाजता, हे लिहून ठेवावे, फोटो काढावा. आणि ऐकणाऱ्याने "आमच्याकडे चालतंय" म्हणून फोन ठेवू नये. "तुमच्याकडे काय होतंय?" असे एकदा विचारावे.