विश्लेषण : गॅलरीत उडत येणाऱ्या कागदी चकत्या कुठल्या? वावळ शहरात का रुजत नाही?

एप्रिल-मे महिन्यात दुपारचा वारा सुटला की गॅलरीत, गाडीच्या बोनेटवर, वायपरखाली पिवळसर कागदी चकत्या येऊन पडतात. अनेकांना तो पालापाचोळा वाटतो. प्रत्यक्षात ती वावळाची फळे आहेत आणि प्रत्येक चकतीच्या मध्यभागी एक बी असते.

वावळ (होलोप्टेलिया इंटेग्रिफोलिया) हा भारतीय उपखंडातला उंच, पानझडी वृक्ष. हिंदीत त्याला चिलबिल म्हणतात. पान चुरगळले की उग्र वास येतो, ही त्याची सोपी ओळख. जानेवारी-फेब्रुवारीत निष्पर्ण फांद्यांवर बारीक फुले येतात. पाठोपाठ हिरव्या चकत्यांचे घोस लगडतात. लांबून पाहणाऱ्याला झाडाला पालवी फुटली असेच वाटते!

बी उडते कशी?

चकती साधारण अडीच सेंटिमीटरची, वजनाला नगण्य. वजनाच्या तुलनेत पृष्ठभाग मोठा असल्याने हवेचा विरोध जास्त मिळतो आणि ती सावकाश खाली येते. तेवढ्या वेळात वारा तिला आडवे वाहून नेतो. महोगनीच्या बीला पंख एकाच बाजूला असतो, त्यामुळे ते गरगर फिरत उतरते. वावळाचा पंख बीच्या चहूबाजूंनी असल्याने ही चकती हेलकावे घेत येते. पावसाच्या आधी विखुरायचे आणि पहिल्या सरींत रुजायचे, असे हे गणित आहे. आतला दाणा माकडे खातात. गावाकडची मुलेही सोलून खातात.

मग अडते कुठे?

जमिनीवर. डांबर, काँक्रीट आणि पेव्हर ब्लॉकवर पडलेली बी झाडूने कचरागाडीत जाते. जी रुजते ती बहुधा भिंतीच्या फटीत, आणि तिथून ती उपटावीच लागते. त्यामुळे जुना वावळ पडला की त्याची जागा घ्यायला शेजारी रोप नसते.

राज्याच्या 1975च्या नागरी वृक्षसंरक्षण कायद्यात 2021 मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार 50 वर्षांवरील झाड ‘हेरिटेज’ ठरते. ते तोडल्यास त्याच्या वयाइतकी झाडे लावावी लागतात. म्हणजे 60 वर्षांच्या वावळामागे 60 रोपे. मात्र 60 रोपांची सावली रस्त्यावर पडायला काही दशके जातात.

एक सावधगिरी : वावळाच्या परागकणांची अ‍ॅलर्जी उत्तर भारतातील अभ्यासांत नोंदली गेली आहे. त्यामुळे दम्याच्या रुग्णाच्या खिडकीलगत तो लावू नये. मैदानाची कड, टेकडीचा उतार, शाळेचे मोठे आवार या जागा बऱ्या. बी मात्र ताजे हवे. यंदा गॅलरीत आलेल्या चकत्या जूनमध्येच कुंडीत पेरता येतील.