मॅन-सूची

मॅन-सूची : युनिक्स व तिच्या धर्तीवरील संगणकीय परिचालन प्रणालींची नियमपुस्तिका संगणकातच साठविलेली असते. तीतील प्रत्येक पृष्ठाचे नाव व एका ओळीतील वर्णन ज्या माहितीसंग्रहात नोंदलेले असते, त्यास मॅन-सूची म्हणता येईल. केन टॉम्पसन व डेनिस रिची यांच्या युनिक्सच्या नियमपुस्तिकेची पहिली आवृत्ती ३ नोव्हेंबर १९७१ रोजीची आहे. पुढे पृष्ठे वाढत गेली व शोधाची अडचण निर्माण झाली. आज्ञेचे नाव ठाऊक असल्यास ‘मॅन’ या आज्ञेने पृष्ठ मिळते. परंतु केवळ काम ठाऊक असून नाव ठाऊक नसेल, तर सूचीवाचून गत्यंतर नसते. ‘ॲप्रोपॉस’ ही आज्ञा सूचीतील नावे व वर्णने यांत दिलेला शब्द शोधते.

सूचीत नोंद नसली, तरी मॅन निर्देशिका धुंडाळून पृष्ठ दाखवू शकते. ॲप्रोपॉस मात्र सूचीपलीकडे पाहत नाही. त्यामुळे सूची जुनी राहिल्यास हाताशी असलेले साधन अस्तित्वातच नाही, असा वापरणाऱ्याचा समज होतो. उघड बिघाडापेक्षा हा दोष अधिक फसवा होय, कारण त्याची कोणतीही सूचना मिळत नाही.

लिनक्सच्या अनेक वितरणांत सूची अद्ययावत करण्यासाठी ‘मॅनडीबी’ ही आज्ञा टंकतात. बीएसडी परंपरेत ‘मेकव्हॉटिज’ ही आज्ञा आहे. मॅनडीबी सामान्यतः बदललेल्या निर्देशिकांतील पृष्ठे वाचून नव्या नोंदी घालते व नाहीशा झालेल्या पृष्ठांच्या नोंदी काढून टाकते. ‘सी’ हा विकल्प दिल्यास जुनी सूची टाकून ती मुळापासून रचली जाते. सूची बिघडली असता हाच उपाय करावा लागतो. ‘एफ’ या विकल्पाने एकाच फाइलीपुरती सुधारणा होते. अखेरच्या अहवालात ‘भटकी मांजरे’ किती, हेही सांगितलेले असते ! मूळ पृष्ठ नसून ज्याची केवळ तयार मांडणी ‘कॅट’ निर्देशिकेत उरली आहे, अशा पृष्ठाला हे गंमतीदार नाव आहे.

डेबियनमध्ये आज्ञावलीचा संच बसविताच हे काम आपोआप होते. तथापि मूळ संहितेवरून स्वतः बसविलेल्या आज्ञावलीची नोंद तत्काळ हवी असल्यास मॅनडीबी हाताने चालवावी लागते.

सूचीतील वर्णन पृष्ठाच्या ‘नाव’ या आरंभीच्या विभागातून घेतले जाते. तेथे आज्ञेचे नाव, संयोगचिन्ह व वर्णन हा क्रम पाळलेला नसल्यास वर्णन सूचीत येत नाही. मग मॅनडीबी कितीही वेळा चालविली, तरी उपयोग नसतो. पृष्ठाची ती ओळच दुरुस्त करावी लागते.