मुखमैथुन आणि एचआयव्ही : धोका अत्यल्प, पण दुर्लक्ष अन्यत्रच

मेटगळ्ळी (म्हैसूर) : कृष्णराजसागर धरणाकडे जाणाऱ्या रस्त्यावरील मेटगळ्ळी हा म्हैसूरचा जुना औद्योगिक भाग. त्याला लागूनच असलेल्या हेब्बाळ परिसरातील आशा किरण रुग्णालयात १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून एचआयव्हीबाधितांवर उपचार होत आले आहेत. एचआयव्हीविषयी समुपदेशन जेथे जेथे होते, तेथे एक प्रश्न हटकून येतो आणि तो बहुधा खालच्या आवाजातच विचारला जातो : मुखमैथुनातून एचआयव्हीची लागण होते का?

वैद्यकशास्त्राचे उत्तर असे की, हा धोका अत्यंत कमी आहे. मात्र तो शून्य असल्याची ग्वाही शास्त्रज्ञ देत नाहीत. वाक्याच्या या उत्तरार्धामुळेच अनेकांची झोप उडते. म्हणून ‘अत्यंत कमी’ म्हणजे किती, हे समजून घेणे आवश्यक आहे.

एचआयव्ही रक्त, वीर्य, वीर्यपूर्व स्राव, योनिस्राव, गुदाशयातील स्राव आणि स्तन्य यांतून संक्रमित होतो. लाळेतून तो पसरत नाही. तोंडाच्या आतील आवरण अनेक पेशीथरांचे व तुलनेने चिवट असते आणि विषाणूला हव्या असलेल्या पेशी तेथे थोड्या असतात. शिवाय लाळेतील काही प्रथिने विषाणूला अटकाव करतात. लाळेत क्षारांचे प्रमाण रक्तापेक्षा बरेच कमी असल्याने तिच्यात आलेल्या बाधित पेशी फुटून नष्ट होतात. गुदाशयाच्या नाजूक अस्तराला असे संरक्षण नाही.

अमेरिकेच्या रोग नियंत्रण व प्रतिबंध केंद्राच्या अंदाजानुसार, बाधित व उपचार न घेणाऱ्या जोडीदाराशी निरोधाविना आलेल्या दर १०,००० संबंधांमागे ग्रहणकर्त्या व्यक्तीला लागण होण्याची शक्यता गुदमैथुनात १३८ आणि योनिसंबंधात ८ इतकी आहे. मुखमैथुनासमोर मात्र आकडाच नाही, केवळ ‘कमी’ असा शब्द आहे. मोजता येतील इतकी प्रकरणेच हाती न लागल्याने आकडा काढणे कठीण झाले. स्पेनमधील माद्रिद येथे एक जोडीदार बाधित व दुसरा निरोगी असलेल्या जोडप्यांचा अभ्यास झाला. त्यातील १३५ निरोगी जोडीदारांचा १९,००० हून अधिक वेळा निरोधाविना मुखमैथुनाशी संबंध आल्याचा अंदाज होता. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात एकालाही त्यातून लागण झाल्याचे आढळले नाही.

सर्व परिस्थितींत धोका सारखा नसतो, हेही खरे. ज्याचे जननेंद्रिय दुसऱ्याच्या मुखात जाते, त्याचा संबंध लाळेशी येतो. त्यामुळे त्याला धोका जवळजवळ नाहीच. स्त्रीला मुखाद्वारे सुख देणाऱ्यालाही तो नाममात्रच असतो. जी काही शक्यता उरते ती मुख्यतः बाधित पुरुषाचे वीर्य तोंडात आल्यास, आणि त्यातही तोंड आले असल्यास, हिरड्यांतून रक्त येत असल्यास किंवा नुकताच दात काढला असल्यास. मासिक पाळीतील रक्त आणि जननेंद्रियावरील व्रण हेही जोखीम वाढवतात. तोंडात जखम असेपर्यंत असा संबंध टाळावा, निरोध वापरावा आणि संबंधाच्या अगदी आधी दात घासू नयेत, हे सल्ले याच कारणाने दिले जातात.

जोडीदार उपचारांवर आहे काय, हा प्रश्न खरे तर सर्वांत निर्णायक. पण तो क्वचितच विचारला जातो. पुण्याची राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था ज्यात सहभागी होती, त्या नऊ देशांतील १,७६३ जोडप्यांच्या चाचणीत लवकर औषधोपचार सुरू केल्याने जोडीदाराला होणारी लागण ९६ टक्क्यांनी घटल्याचे २०११ मध्ये स्पष्ट झाले. त्यानंतरच्या युरोपीय अभ्यासांनी आणखी पुढचा निष्कर्ष दिला : नियमित औषधांमुळे ज्याच्या रक्तातील विषाणू चाचणीत सापडेनासा होतो, त्याच्याकडून लैंगिक संबंधातून लागण होत नाही. भारतात ही औषधे शासकीय एआरटी केंद्रांत २००४ पासून विनामूल्य मिळतात.

एचआयव्हीच्या भीतीआड जे झाकले जाते ते इतर गुप्तरोगांचे. परमा, उपदंश, नागीण आणि एचपीव्ही यांना तोंडाचा अडसर फारसा होत नाही. मुखमैथुनातून ते सहज पसरतात. घशातील परमा बहुतेकदा कोणतेही लक्षण दाखवत नाही आणि लघवीच्या तपासणीतही सापडत नाही. त्यासाठी घशातील स्राव तपासावा लागतो व तसे डॉक्टरांना सांगावे लागते. उपदंशाचा पहिला व्रण दुखत नाही, ओठाच्या आत असला तर लक्षातही येत नाही. अशा व्रणांतून एचआयव्हीलाही वाट मिळते.

या रोगांना आटोक्यात आणता येते, याचा दाखला म्हैसूरमध्येच आहे. देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांच्या आशोदय समितीशी निगडित प्रतिबंध कार्यक्रमात २००४ आणि २००६ मध्ये सर्वेक्षणे झाली. त्या काळात या स्त्रियांमधील उपदंशाचे प्रमाण २५ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर आले. निरोध, नियमित तपासणी आणि आपल्याच सहकारी स्त्रियांकडून मिळणारी माहिती, ही त्यामागची साधने होती.

केवळ मुखमैथुन झाला असेल तर संसर्गोत्तर प्रतिबंधक औषधांची सहसा गरज भासत नाही. मात्र अन्य जोखमीचा संबंध आला असल्यास ही औषधे ७२ तासांच्या आत, शक्य तितक्या लवकर सुरू करून २८ दिवस घ्यावी लागतात. तपासणीची घाईही निरुपयोगी ठरते. दुसऱ्याच दिवशी केलेली चाचणी ‘निगेटिव्ह’ येते, पण ती कालची नव्हे, त्याआधीच्या काळातील स्थिती सांगते. प्रयोगशाळेतील प्रतिजन-प्रतिपिंड चाचणी साधारण सहा आठवड्यांनंतर आणि बोटातून रक्त घेऊन होणारी तत्काळ चाचणी तीन महिन्यांनंतर विश्वासार्ह मानली जाते.

शासकीय रुग्णालयांतील समुपदेशन व तपासणी केंद्रांत ही चाचणी विनामूल्य होते. १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आलेल्या एचआयव्ही व एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायद्यानुसार संमतीविना चाचणी करण्यास आणि बाधिताची माहिती उघड करण्यास मनाई आहे. नाव न सांगता शंका विचारायची असल्यास राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेचा १०९७ हा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक उपलब्ध आहे.