धुळीची वीज, धुळीचे माप

भाऊच्या धक्क्यावरून मोरा बंदराकडे येताना, हवा स्वच्छ असेल तर, उत्तरेला ट्रॉम्बेच्या औष्णिक केंद्राची धुराडी दिसतात. विद्यार्थ्यांनी विचारले की धुराड्यातली राख मोजतात कशी, तर काय सांगाल? सर्वांत बारीक कण डोळ्यांना दिसत नाहीत आणि फुप्फुसात खोल जातात तेही तेच. म्हणजे डोळ्यांवर भिस्त ठेवता येत नाही.

जुनी रीत अशी : थोडा वायू गाळणकागदातून ओढायचा आणि कागदाचे वजन किती वाढले ते पाहायचे. माप अचूक, पण उशिरा हाती येणारे. कारखान्याच्या कापडी गाळणीला भोक पडले तर ते त्याच क्षणी कळायला हवे.

१८४० साली इंग्लंडमध्ये गळक्या बॉयलरच्या वाफेत हात धरून झडपेला शिवणाऱ्या कामगाराला विजेचा झटका बसला. विल्यम आर्मस्ट्राँगने ही घटना अभ्यासली. १८४३ मध्ये फॅरेडेने दाखवले की ही वीज वाफेची नव्हेच. तोंडाशी घासणाऱ्या पाण्याच्या थेंबांची आहे. नुसत्या कोरड्या, स्वच्छ हवेच्या झोताने वीज होत नाही, त्यात पूड मिसळली की होते.

आम्हाला यातले मर्म एवढेच वाटते : वायू गप्प असतो, बोलतात ते कण. म्हणून नळीत एक धातूची दांडी, नळीला विजेचा स्पर्श होऊ न देता, बसवतात. कण तिच्यावर आदळतात, जवळून जातात आणि अत्यंत क्षीण प्रवाह वाहतो. दांडीला ना दिवा लागतो, ना बॅटरी. हा प्रवाह वाढवून दाखवणाऱ्या मंडलाला मात्र वीज लागतेच. २०१२ मध्ये झाँग लिन वांग यांच्या गटाने घर्षणातून वीज मिळवणारा नॅनोजनित्र मांडला, तेव्हापासून तीही गरज संपवण्याचे प्रयत्न चालू आहेत.

अडचणही आहे. प्रवाह कणांच्या वजनाखेरीज वेग, आकार, पदार्थ आणि दमटपणा यांवरही ठरतो. म्हणून त्याच धुराड्यात गाळणकागदाशी ताडून पाहावे लागते. गाळणी फाटल्याचे मात्र काटा उडाला की लगेच कळते.

वर्गात करून पाहा. किनाऱ्यावरची वाळू धुऊन तव्यावर कडक वाळवा. थर्माकोलवर पत्र्याचा डबा ठेवून त्याच्या कडेला बाहेरून पातळ वर्खाच्या दोन पट्ट्या एकत्र लोंबत्या ठेवा. पीव्हीसी नळी तिरपी धरून तिच्यातून वाळू डब्यात सोडा; पट्ट्या फाकतील. पावसाळ्यात हा प्रयोग बहुधा फसतो, जानेवारीत करावा. मग तेवढीच वाळू दुप्पट लांब नळीतून सोडा. पट्ट्या जास्त फाकतील का, हे मुलांकडून आधी लिहून घ्या.