बांधावरील बाभूळ

भिलाई म्हटले की १९५९ साली पेटलेली पोलाद कारखान्याची झोतभट्टी आठवते. सभोवतालच्या भातखाचरांचे बांध सहसा कोणी पाहत नाही. भाताला लागणारे पाणी बांधच अडवितो. छत्तीसगडच्या मैदानातील शेतकरी या बांधांवर पूर्वापार बाभळी राखीत आले आहेत. बाभळीची मुळे बांधाची माती धरून ठेवतात. मुळांवरील गाठींतील सूक्ष्म जंतू हवेतील नत्र शोषून घेतात व गळालेल्या पाल्यावाटे ते जमिनीस मिळते. शिवाय सरपण, शेळ्यांना शेंगा आणि अवजारांना टणक लाकूड लाभते. सावलीमुळे झाडालगतचे पीक काहीसे घटते, हे खरे. परंतु त्यावर उपाय फांद्या छाटण्याचा आहे. झाडच तोडले, तर उघडा बांध पावसात खचू लागतो आणि माती व पाणी दोन्ही हातची जातात.