सूक्ष्मप्रवाह तंत्रज्ञान आणि सिकलसेलचे निदान : सातपुडा परिसराच्या संदर्भात

सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या यावल तालुक्यात पावरा व तडवी भिल्ल समाजाची वस्ती आहे. खानदेशातील आदिवासींमध्ये आढळणाऱ्या सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराची प्राथमिक तपासणी विद्राव्यता चाचणीने केली जाते. नळीतील द्रावण गढूळ झाले, की रक्तात ‘एस’ हिमोग्लोबिन आहे एवढेच समजते. व्यक्ती केवळ वाहक आहे की प्रत्यक्ष रुग्ण, हे समजत नाही. हा भेद गौण नव्हे. वाहकाचे आयुष्य सहसा सुरळीत जाते; रुग्णाला मात्र तीव्र वेदना, रक्तक्षय व वारंवार होणारा जंतुसंसर्ग सोसावा लागतो. पती-पत्नी दोघेही वाहक असल्यास प्रत्येक अपत्य रुग्ण असण्याची शक्यता २५ टक्के असते. निर्णायक निदानासाठी नमुना मोठ्या प्रयोगशाळेत पाठवावा लागतो. अहवाल येईतो कुटुंब मजुरीसाठी परगावी गेले, तर तो हाती पडतच नाही.

सूक्ष्मप्रवाह तंत्रज्ञानाचे महत्त्व येथे ध्यानात येते. केसाएवढ्या रुंदीच्या वाहिन्यांत द्रवाचे वर्तन बदलते. जडत्वापेक्षा श्यानता प्रभावी ठरते, भोवरे निर्माण होत नाहीत आणि रक्ताचा एखादा थेंबही परीक्षणास पुरतो. वाहिनीऐवजी सच्छिद्र कागद वापरल्यास पंपाचीही गरज उरत नाही. समईची वात तेल ओढते, त्याच केशाकर्षणाने कागद द्रव ओढून घेतो.

अमेरिकेतील केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठात विकसित झालेली ‘हीमचिप’ याच तत्त्वावर आधारलेली आहे. ‘एस’ हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलीन असते. त्यामुळे त्याचा ऋण प्रभार घटतो. अल्कधर्मी द्रावणाने भिजलेल्या सेल्युलोज अॅसिटेटच्या पट्टीवर विद्युतदाब दिला असता ते सामान्य ‘ए’ हिमोग्लोबिनच्या मागे पडते. दोन्ही पट्टे दिसले तर वाहक, ‘ए’चा पट्टा नसून ‘एस’चा ठळक दिसला तर रुग्ण, असे अनुमान सुमारे दहा मिनिटांत काढता येते. अर्थात ‘डी’ हिमोग्लोबिनचा पट्टाही ‘एस’च्याच जागी येतो. ‘डी’मुळे द्रावण गढूळ होत नसल्याने जुनी विद्राव्यता चाचणी पूर्णतः निरुपयोगी ठरत नाही.

अशी साधने ग्रामीण केंद्रांत चालू शकतात, याचे उदाहरण गोव्यातच आहे. तेथील मोलबायो कंपनीच्या ‘ट्रूनॅट’ या बॅटरीवर चालणाऱ्या, चिप-आधारित क्षयरोग चाचणीची जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये शिफारस केली. सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान १ जुलै २०२३ रोजी सुरू झाले. त्यात ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी व्यक्तींच्या तपासणीचे उद्दिष्ट ठेवण्यात आले. खरा कस नवजात बालकांच्या बाबतीत लागतो. त्यांच्या रक्तात ‘एफ’ हिमोग्लोबिनचे प्राबल्य असल्याने विद्राव्यता चाचणी फसवी ठरते, आणि कागदी पट्टीवरील ‘एस’चा पट्टाही फिकटच उमटतो.